मातेच्या मुक्कामातली फोडणी

माझी वैनी पारबता, दामूभाऊची बायको, बंडूची माय, हिच्यावर अन्याय झाला. केव्हा झाला तेही सांगते, म्हणजे "जुनी गोष्ट, आता कोणाला आठवते" असं म्हणायची सोय राहायला नको. पहिल्या मतदानाच्या पुढच्या वर्षी, होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, ऊन डोक्यावर आलेलं असताना. जागा नागभीडच्या पुढचं, जंगलाच्या काठावरचं आमचं गाव, आमचं घर, आमची चूल. करणारे माझा बाप, माझी माय आणि माझा भाऊ. आरोप असा की घरात माता मुक्कामाला असताना पारबतानं वरणाला फोडणी दिली, आणि म्हणून तिचं स्वतःचं लेकरू मेलं.

घरचे म्हणतात, आता वय झालं, आठवणी जरा गोडीनं लिही. मी लिहायला शिकले ती अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं लिहूनच. बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून ती वाटायची, कोणी त्यात भजी बांधून नेली तर नेऊ द्यायची, पण पहिल्या ओळीत मुद्दा यायलाच हवा. ती सवय आता जायची नाही. मात्र पत्रकात घर मावत नाही, आणि या गोष्टीला घर लागतं.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, पुढे लांब सपरी, म्हणजे ओसरी, मागे गोठा. पुढच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, धान व्हायचं, धान निघालं की त्याच ओलीवर लाखोळीची डाळ. त्या लाखोळीचं वरण आमच्याकडे रोज. वैनी यायच्या आधी ते नुसतं पोट भरायचं अन्न होतं. वैनी राजुऱ्याकडची, तिनं येताना हाताची एक पद्धत आणली. लोखंडी पळी निखाऱ्यांत लाल होईस्तोवर ठेवायची, तिच्यात जवसाचं तेल, मोहरी, चिरलेला कांदा, वाळलेली मिरची, आणि ती पळी तशीच वरणाच्या गंजात बुडवायची. चर्र असा आवाज सपरीपर्यंत यायचा. बाबा सपरीत दोर वळत बसलेले असले तर दोर टाकून हात धुवायला उठायचे. बंडू, तिचा लेक, तिसऱ्या वर्षात होता. त्याला धड बोलता यायचं नाही, पण तो आवाज झाला की टाळ्या वाजवून म्हणायचा, "चल्ल! चल्ल!" सगळं घर हसायचं. मायसुद्धा हसायची, आणि माय सुनेच्या कौतुकाला हसणाऱ्यांपैकी नव्हती.

देवाचं म्हणाल तर घरात मीच सगळ्यांत जास्त देवाची होते. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर मातामायचं ठाणं होतं: शेंदूर लावलेले दगड, वर मोहाचं झाड. मी तळ्यावर कपडे धुवायला गेले की आधी तिच्याशी बोलायची. शेळी व्यायली, किसनानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, माझी पाटीवरची पेन्सिल तोडली, माय मला घालून पाडून बोलली, सगळं सांगायची. ती ऐकते याबद्दल मला शंका नव्हती. मोहाचं फूल अंगावर पडलं की मी ते तिचं उत्तर धरायची. तिची भीती मला कधी वाटली नाही. आमच्याकडे देवी अंगावर फोड घेऊन येत असे, तिला माता आली म्हणत, आणि ती मातामायच असे. पण ते दुसऱ्यांच्या घरात.

मला येणार नव्हती, कारण मला देवीचं टोचलेलं होतं. आधीच्या उन्हाळ्यात मी मामाकडे नागभीडला गेले होते. मामा रेल्वेत. तिथे सगळ्या पोरांना रांगेत उभं करून टोचलं, त्यात मलाही. दंडावर दोन गोल वण घेऊन परत आले तेव्हा बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. बाबा दुष्ट नव्हते, हे लिहून ठेवते. आवाज चढवून बोललेले मला आठवत नाहीत. पण त्यांचं म्हणणं असं, की माता पाहुणी आहे, ती येईल तेव्हा येईल. तिच्या वाटेवर काटे पसरणारे आपण कोण?

पुढे धान कापणीला आलं, ढोल्या रिकाम्या होत्या, तेव्हा टोचणारा मास्तर गावात आला. सायकल, खाकी टोपी, हातात पेटी. गावानं पोरं जंगलात पिटाळली. बाबांनी बंडूला आणि किसनाला ढोलीत उतरवलं. धान साठवायची ढोली पुरुषभर उंच असते, तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली. आत मागच्या सालचा कोंडा. मास्तर सपरीत बसून पाणी पीत होता आणि आत बंडू शिंकला. बाबा मोठ्यानं खोकले. पुन्हा शिंक. पुन्हा खोकला.

मास्तर म्हणाला, "भाऊ, यंदा धान चांगलं दिसते. शिंकून राह्यलं."

बाबा म्हणाले, "उंदरं आहेत जी."

"मोठे उंदरं दिसतात. दाखवा नं. उंदराले बी टोचतो मी."

वैनी दाराआड होती. मला ती हळूच म्हणाली, "बाई, टोचू द्याले काय होते वो? तुमाले तं काई नाई झालं." मी म्हटलं, बाबांना सांग. ती म्हणाली, "मी कोण सांगनारी?" मास्तर हसत हसत सायकलवर बसला आणि गेला. गावात त्या दिवशी सगळे खूश होते, जिंकल्यासारखे.

होळीच्या आधी बंडूला ताप आला. तिसऱ्या दिवशी कपाळावर दाणे उठले. मायनं ते पाहिले आणि हात जोडले. "आली माय, बस," म्हणाली. आणि घराचं दार बंद झालं.

ज्यांनी ते घर पाहिलं नाही त्यांना सांगते. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या. घरातलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. गावातले लोक दही आणि लिंबाचा पाला कुंपणाशी ठेवून हाक मारून निघून जायचे. चपला नाहीत, केस विंचरायचे नाहीत, बाबांची हजामत नाही. शिव्या नाहीत, मोठ्यानं बोलणं नाही. आजार हा शब्द नाही, फोड हा शब्द नाही. "मातेचे मोती" म्हणायचं. औषध म्हणजे तर अपमानच. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे फोडणी नाही. तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडवायची नाही, कारण तो चर्र आवाज आणि तो खाट, तो फोडणीचा ठसका, मातेला सोसत नाही. जे चुलीवर तडतडतं ते लेकराच्या अंगावर उठतं. म्हणून पांढरा भात, दही, अळणी शिजवलेली लाखोळी. आणि रडायचं नाही. पाहुणी घरात असताना रडणं म्हणजे तिला जा म्हणणं.

बंडूचं तोंड ओळखू येईनासं झालं. डोळे चिकटले. वैनी लिंबाच्या डहाळीनं वारा घालायची आणि गाणं म्हणायची, मायनं शिकवलेलं, मातेच्या स्तुतीचं. आवाज फुटला की थांबायची, ओठ चावायची, पुन्हा म्हणायची. आई होती आणि तिला रडायची मनाई होती. मी बाजूला बसून मनात मातामायला सांगत होते, "माय, लहान आहे थो. त्याले सोड." बाहेर मोहफुलं वेचायचे दिवस सुरू झाले होते. पाळीवरून बायकांचं हसणं ऐकू यायचं. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसायची आणि माय मागून म्हणायची, "काऊन पाहतं बाहेर? पाहुनी आत हाय."

त्या मंगळवारी सकाळपासून बंडूचा श्वास बदलला होता. छातीत खरखर, आणि मध्येच थांबायचा. हात थंड. त्यानं दोन दिवस काही गिळलं नव्हतं. हे मी पाहिलं, मायनं पाहिलं, दामूभाऊनं पाहिलं. कोणी बोललं नाही. वैनीनं अळणी वरणाचा चमचा त्याच्या ओठाला लावला, तो बाजूनं ओघळला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठली, चुलीपाशी गेली आणि पळी निखाऱ्यांत ठेवली. मी पाहत होते. मला कळलं ती काय करते आहे, आणि का करते आहे तेही. तो आवाज ऐकून लेकरू एकदा तोंड उघडेल, एवढंच तिचं गणित.

चर्र झालं. पंधरवड्यानंतर त्या घरात झालेला तो पहिला आवाज.

माय सपरीतून धावत आली. "कोनं केलं? कोनं केलं हे?" वैनी पळी हातात घेऊन उभी. "माय, त्याले आवडते," एवढंच म्हणाली. बंडूनं तोंड उघडलं नाही. ऊन कलायच्या आत तो गेला.

मी बाबांसमोर उभी राहून सांगितलं, "बाबा, थो सकाळपासूनच जाऊन राह्यला होता. मी पाह्यलं. फोडनीच्या आधीपासून. मायनं बी पाह्यलं." मायनं मान वळवली. बाबा शांतपणे म्हणाले, "मातेनं लेकरू मांडीवर घेतलं होतं, देत होती परत. हिनं हिसकलं." मी दामूभाऊकडे पाहिलं. तो बंडूचा बाप. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "बाबा म्हनतात थेच बरोबर."

वैनीला घरातून काढलं. पण कुठे? मातेच्या घरातलं माणूस गावात सोडता येत नाही. आणि त्याच संध्याकाळी किसनाचं अंग तापलं. म्हणजे पाहुणी अजून उठलेली नव्हती. तेव्हा बैल अंगणात बांधले आणि वैनीला गोठ्यात घातलं. बाहेरून कडी दामूभाऊनं लावली. लेकरू पुरायलाही तिला नेलं नाही. आणि किसनाकडे माता असल्यामुळे गोठ्यातही तिला रडायची मनाई.

मी तिला भात नेऊन द्यायची. गोठ्याच्या तट्ट्यात हात जाईल एवढी फट होती. मी रोज तेच सांगायची, वैनी, तुझ्यानं नाही झालं. मला वाटायचं, बाहेरचे ऐकत नाहीत, निदान तिला तरी धीर येईल. एक दिवस ती म्हणाली, "बाई, काऊन बोलता तसं? मीच केलं. आवाज झाला अन् माता उठली. मीच मारलं माह्या लेकराले."

"तूले कोनं सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? झालंच नाई का तसं?"

मी तट्ट्याला टेकून बसले. घराला बाहेरून दार बंद, गोठ्याला कडी, आणि ही बाई आतून आणखी एक कडी लावून बसलेली. ती कोण काढणार? मला एकच सुचलं, आणि ते मी रागानं ठरवलं. फोडणीनं बंडू मेला असेल तर फोडणीनं किसनाही मरेल. नसेल तर नाही मरणार. मग कोणाला बोलायला तोंड राहणार नाही.

हे लिहायला सोपं आहे. किसना सात वर्षांचा, माझ्या कुशीत झोपणारा. आणि माझा मातामायवर तेव्हा पूर्ण विश्वास होता. मी ठार घाबरलेली होते. किसनाचे दाणे भरले होते, अंग फुललं होतं, बंडूचं याच वेळी बिघडत गेलं होतं. मी मनात म्हटलं, "माय, तुले राग आला तं मले कर काय करायचं थे. त्याले नोको." मग भर दुपारी, बाबा सपरीत, माय किसनाच्या उशाशी डुलक्या घेत असताना, मी चुलीपुढे बसले. कांदा चिरला. बोट कापलं. पळी तापवली, तेल ओतलं, मोहरी टाकली. ती तडतडायला लागली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. वरणात बुडवली.

बाबा दारात आले. मी उठून उभी राहिले. "मी केली. वैनी तिकडं गोठ्यात हाय, तिले कडी हाय. मी केली. आता पाहा काय होते थे."

मला वाटलं मारतील. ते उंबऱ्यावरच खाली बसले. मायनं कपाळ जमिनीला लावलं आणि पुटपुटत राहिली. दामूभाऊ आला, त्याच्या लक्षात आलं, आणि तो किसनाच्या अंथरुणाशी जाऊन बसला. सगळे एकाच पोराकडे पाहत बसलो. कोणी पाणी प्यायलं नाही. बाहेर जायला जागा नव्हती, नाहीतर मी पळाले असते. किसनाचा एक एक श्वास मोजत त्याच खोलीत बसायचं. तेवढ्यात किसनानं डोळा उघडला आणि बारीक आवाजात म्हणाला, "वास येऊन राह्यला. मले दे नं."

कोणी दिलं नाही. पण तो जगला. दाणे सुकले, खपल्या धरल्या, तोंडभर वण राहिले. पुढे तो पोस्टात लागला. मी गोठ्याकडे धावले. "वैनी, फोडनी मी देल्ली होती! किसना जगला! फोडनीनं काईच होत नाई!" फटीतून तिचे डोळे दिसले. ती म्हणाली, "खरं काय, बाई?" तिच्या आवाजात तेव्हा जे होतं ते मी नंतर कधी ऐकलं नाही.

मग मातेला निरोप द्यायचा दिवस आला. पुजारी आला, थंड भात-दह्याचा नैवेद्य झाला, दारावरच्या डहाळ्या उतरल्या. मी सगळ्यांसमोर पुजाऱ्याला विचारलं, आता सांगा, वैनीचा काय गुन्हा? तो म्हातारा माणूस. त्याला अजिबात अडचण आली नाही. "पोरी, तू कुवारी. कुवारीचा गुन्हा माता पोटात घालते. तुह्यावर दया केली तिनं." सगळ्यांनी हात जोडले. मायला रडू आलं, आनंदाचं. आता रडायला परवानगी होती. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी म्हटलं, "अन् वैनी?"

"थे लेकराची माय होती. तिले समजाले पाह्यजे होतं."

माझी श्रद्धा तिथे गेली. बंडू गेला तेव्हा गेली नव्हती, किसना जगला तेव्हाही नव्हती. ती त्या अंगणात, दह्याच्या वासात गेली. लेकरू मेलं तर देवी रागावली, लेकरू जगलं तर देवी दयाळू. मी माझ्या भावाचा जीव पणाला लावला होता आणि समोरचा गडी कधी हरतच नव्हता. मी तळ्यावर गेले, ठाण्यासमोर उभी राहिले. बोलायला काही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं असं पत्रकात लिहायला छान आहे. खरं म्हणजे मी पोरकी झाले. त्याच घरात, त्याच लोकांत, पुढे लग्न होईपर्यंत मला राहायचं होतं, हात जोडायचे होते, आणि मनातलं सांगायला आता तीही नव्हती.

वैनीला राजुऱ्याकडच्या गाडीत बसवून दिलं. दामूभाऊचं दुसऱ्या वर्षी लग्न झालं.

आज मी हेही सांगते, की माझ्या फोडणीनं काहीच सिद्ध झालं नव्हतं. देवीच्या रोगातून पुष्कळ पोरं जगायची, पुष्कळ मरायची. किसना माझ्या हिमतीमुळे जगला नाही. टोचलं असतं तर दोघांनाही ती आलीच नसती, एवढंच खरं. पण आमच्या गावात काय झालं ते ऐका. दोन वर्षांनी खालच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, एक बाई आमच्या दारात आली, पदर पसरून. तिच्या पोरीला माता आली होती. म्हणाली, "बाई, तुमच्या हातची फोडनी मातेले चालते म्हन्तात. चला नं, एक खेप देऊन द्या." मी तिला नागभीडच्या दवाखान्यात जा म्हणून ओरडले. ती माझ्या पाया पडून परत गेली. देवीच्या जागी त्यांनी मला बसवलं होतं. त्यानंतर हा प्रसंग मी एकाही पत्रकात लिहिला नाही.

मोठी झाल्यावर मी राजुऱ्याला वैनीकडे जायची. ती तिच्या भावाच्या घरी, त्यांच्या शेतात राबत होती. मी तिला पत्रकं वाचून दाखवायची, ती मान हलवायची, "बरोबर आहे, बाई," म्हणायची. जेवायला बसलं की सगळ्यांना फोडणीचं वरण वाढायची आणि स्वतःपुरतं आधीच अळणी काढून ठेवलेलं असायचं. मी भांडले, विनवलं, एकदा ताट ओढून घेतलं. ती म्हणाली, "तुमी खरं बोलता. पन तुमी एकटीच बोलता नं. ज्याइनं मले गोठ्यात घातलं त्याइतलं कोनी आलं काय सांगाले?" कोणी गेलं नाही. बाबा वारले, माय वारली, दामूभाऊ म्हातारपणी एकदा निघाला आणि स्टेशनवरून परत आला. ती तशीच मेली.

देवीचा रोग आता जगातून गेला. त्याला नैवेद्यानं नव्हे, सुईनं घालवला. पण हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात, तुझ्या नात्यात एक बाई आहे. नवरा गेला, पोर गेलं, जनावर गेलं, आणि बोट तिच्याकडे गेलं. तुला तिचं नाव आत्ता आठवलं. मला पत्र लिहून "पटलं" म्हणून कळवू नकोस, मला त्याचा काही उपयोग नाही. पुस्तक मिट, तिच्याकडे जा, आणि ज्यांनी बोट दाखवलं त्यांना सोबत घेऊन जा. सगळ्यांच्या देखत, त्यांच्या तोंडून तिला ऐकव, की तुझ्यामुळे झालं नाही. ती जिवंत आहे तोवर जा.